रिकामं सोडलं तर

लागलं का ओ? — बघू — न्हाय, रक्त न्हाय आलं, टेंगूळ येणार मात्र. बसा की, त्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसा, तिथं सावली हाय. आमच्या गच्चीच्या दाराची चौकट ठेंगणी हाय, घरातल्या सगळ्यांना म्हायती हाय, म्हणून कुणी कुणाला सांगतच न्हाय — आन् मग वर येईल तो पावणा कपाळ फोडून घेतोय. मी अप्पांना कितीदा म्हटलं, एक पाटी लावू या, 'वाकून या' म्हणून. तर अप्पा म्हणतात, त्यात काय लिहायचं, एकदा लागलं की कळतंय की! — हसताय? हसू नका. दुसरं कुणी हसलं असतं तर चाललं असतं, तुम्ही हसू नका. का ते सांगतो.

खाली कसं म्हणाले सगळे, 'पोरांना बोलू द्या जरा मोकळं, जावा गच्चीवर' — आन् तुमच्या आईनं डोळ्यानं खुणावलं, लवकर या म्हणून. बघितलं मी. तर आता मोकळंच बोलतो. — बोलतोच! 'बोलते' न्हाय. पुण्याला राहून विसरलासा व्हय? आम्ही कोल्हापूरच्या पोरी मी आलो, मी गेलो असंच म्हणतो, इरकल नेसली तरी. — तर मघाशी उप्पीट खाताना तुमचे वडील काय म्हणाले? 'आमचा प्रभुलिंग कंपनीच्या त्या डीबगरमधलं रन सेटिंग्जचं सगळं एकटा बघतोय, त्याचं माहितीचं पानसुद्धा त्यानंच लिहिलंय.' ते ऐकलं आन् मी चहाचा ट्रे तसाच ठेवून आत पळालो. बायकांना वाटलं पोरगी लाजली. आमची थोरली आक्का तर तोंडाला पदर लावून हसाय लागली. लाजतोय कुठला! माझ्या अंगाचा तिळपापड झालावता. म्हटलं, देवा, ज्या माणसाला मी सहा महिने मनातल्या मनात शिव्या घालतोय, तो माझ्याच घरात बसून माझ्याच हातचं उप्पीट खातोय — आन् वर लिंबू मागतोय!

अप्पांना कुठं कळतंय डीबगर म्हणजे काय. त्यांना मी सांगितलंवतं — लिहिलेला प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबवत चालवायचा, आन् कुठल्या ओळीला गडबड हाय ते डोळ्यानं बघायचं, त्याचं साधन. आन् रन सेटिंग्ज म्हणजे तो कुठनं चालवायचा, चालवताना त्याला काय द्यायचं, कुठं थांबवायचा, ते आधी ठरवायचं. अप्पांना एवढ्यात कळलं बघा. सातवी शिकल्यात. आन् तुमचं ते पान — मला तोंडपाठ हाय, म्हणून दाखवू? इंग्रजीत हाय, मराठीत सांगतो. 'वर्किंग फोल्डर : ज्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवायचा तो फोल्डर. ऐच्छिक.' झालं! नारळ म्हणजे काय, तर नारळ! त्याच्या खाली, 'अर्ग्युमेंट्स : प्रोग्रॅमला द्यायची अर्ग्युमेंट्स. ऐच्छिक.' त्याच्या खाली, 'सुरुवातीला थांबा : सुरुवातीला थांबायचं असल्यास.' अहो, लिहिताना समोर कोण बसलंय असं धरून लिहिलंसा हे? ज्याला सगळं आधीच म्हायती हाय तो? त्याला पान लागतंय कशाला! — आन् ते 'ऐच्छिक'. तो शब्द माझ्या डोक्यात जातोय. भरलं तरी चालतंय, न्हाय भरलं तरी चालतंय. बरं. पण न्हाय भरलं तर काय होतंय? ते कुठंच न्हाय. रिकामं सोडलं म्हणजे काहीच होत न्हाय असं नसतंय ओ. रिकाम्या जागेत कुणीतरी काहीतरी भरतंयच, फक्त आपल्याला न विचारता भरतंय.

न्हाय, थांबा, माझं होऊ दे. तुम्हाला वाटत असेल ही बारक्यासारक्या गोष्टीवरनं एवढी का तापलीया. आमची फर्म लहान हाय, शिरोलीच्या एमआयडीसीत. गावोगावच्या डेअरीत दूध गार करायची टाकी असती न्हवं, तिच्यावर बसायचा कंट्रोलर आम्ही करतो — दूध किती गार ठेवायचं, लाईट गेली आन् परत आली तर मशीन किती वेळानं चालू करायचं, ते सगळं तो बघतोय. त्यातला प्रोग्रॅम माझा. ते आकडे प्रोग्रॅमच्या शेजारी एका छोट्या फाइलीत लिहिलेले असतात, चालू झाला की तो आधी ती फाइल वाचतोय. एवढं ध्यानात ठेवा. — आता आमचे मालक हंबीरराव. माणूस देवभोळा, आन् हौशी. खंडेनवमीला आमच्यात सगळ्या मशिनी धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा असती. लेथला माळ, ड्रिलला माळ — आन् माझ्या कॉम्प्युटरला पण माळ. पूजेला पावणेरावळे येतात, तर मालकांची इच्छा, पडद्यावर आपला प्रोग्रॅम चालताना दिसला पाहिजे. मग मी डेस्कटॉपवर 'दसरा' नावाचं एक फोल्डर केलं, त्यात दाखवण्यापुरती आकड्यांची एक नीटनेटकी फाइल ठेवली, आन् तिथनंच डीबगर उघडेल असा एक शॉर्टकट केला. मालकांनी त्या शॉर्टकटवर पडद्यावरच कुंकू लावलं. खोटं न्हाय सांगत — पडद्याला बोट लावून!

दुसऱ्या दिवशी मी ते फोल्डर काढाय गेलो, तर मालक म्हणाले, 'शांभवी, पूजलेलं काढायचं न्हाय. पुढच्या दसऱ्यापर्यंत राहू दे, बरकत येती.' आता काय बोलणार? ठेवलं. आन् त्या दिवसापास्नं सगळे डीबगर उघडायला तोच शॉर्टकट दाबाय लागले, मी पण. कुंकवाचा डाग बघायचा आन् दाबायचं. वर्किंग फोल्डरची जागा? रिकामी. ऐच्छिक हाय की! आमच्यात रिकामं म्हणजे आपलं घर असंच समजतात — कुणी पत्त्यात गाव न्हाय लिहिलं तर ते ह्याच गावचं असणार. मला वाटलं, माझा प्रोग्रॅम हाय, तर माझ्या प्रोजेक्टच्या फोल्डरातनंच चालणार, दुसरीकडनं कशाला चालतोय. — तुम्हाला कळलं आता. चेहऱ्यावरनं दिसतंय कळलं. व्हय, तेच. तुमचं डीबगर ज्या फोल्डरातनं उघडलं तेच फोल्डर धरून बसलं. माझा प्रोग्रॅम पूजेतली फाइल वाचत बसला. आन् खऱ्या फाइलीत लाईट परत आल्यावर थांबायच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलंवतं. पडतंय ओ, माणसं हायत — ते शून्य सापडावं म्हणूनच की डीबगर असतंय! मी लाईट जाते-येते असं करून करून बघितलं. दरवेळी मशीन टकाटक चालू. पूजेतली फाइल बरोबरच होती ना. दरवेळी मी म्हटलं, वा.

मग तो कंट्रोलर आजऱ्याकडच्या एका डेअरीत बसला. अवकाळी पाऊस झाला, लाईट दिवसभर जात-येत राहिली — आन् मशीन दरवेळी नव्यानं मोजत गप्प. जास्तीच्या शून्याएवढं गप्प. सकाळचं सगळं दूध नासलं. मी गेलतो तिथं, मालकांच्या जीपमधनं. डेअरीत चिमणाबाई म्हणून बाई हाय, दूध घ्यायचं काम तिचं, मशीन बसवताना मीच तिला शिकवलंवतं — मावशी, आता लाईट गेली तरी घोर करू नका, हे आपलं आपण चालू होतंय. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली न्हाय. झाकण उघडलं, मला म्हणाली, 'हुंगून बघ.' मग बायका आल्या ज्यांचं दूध होतं त्या, आन् सगळ्यांच्या समोर टाकीचा नळ गटारीत सोडला. पांढरी धार चाललीवती नुसती. चिमणाबाई तिकडं बघत बघत म्हणाली, 'तू बघितलंवतंस म्हणालीस न्हवं, चालू करून?' — बघितलंवतं ओ! बघितलंवतं मी! तेच तर! कुणाला सांगू ते? डेअरीच्या दारात उभं राहून सांगू, मावशी, वर्किंग फोल्डर रिकामं होतं म्हणून?

— पाणी घ्या की. तांब्या तुमच्यासाठीच आणलाय.

रडलो मी, व्हय. घरी येऊन न्हाय, तिथंच, जीपच्या मागं. मग परत येऊन शोधलं. कुठं कुठं न्हाय शोधलं. तुमचं पान वाचून वाचून त्यातल्या स्वल्पविरामांसकट पाठ झालं, तवा कुठं एक दिवस त्या कुंकवाच्या डागाकडं बघता बघता डोक्यात उजेड पडला. आन् मग मी काय केलं? शिव्या लिहून पाठवल्या? न्हाय. तुमचं पान मी नव्यानं लिहून काढलं आन् कंपनीच्या साईटवर तक्रारीत पाठवलं. 'ही जागा रिकामी सोडली तर डीबगर जिथनं उघडलं ते फोल्डर धरलं जातं, तुमच्या प्रोजेक्टचं न्हाय. शॉर्टकटवरनं उघडत असाल तर आधी शॉर्टकट बघा. खात्री करायची असेल तर पहिल्या ओळीवर थांबा आन् आपण कुठं हाय ते विचारून घ्या.' खाली दुधाच्या टाकीचं उदाहरण घातलं. अर्ग्युमेंट्सचं तसंच केलं, थांबायचं तसंच केलं — प्रत्येकापुढं एकच वाक्य जादा, 'रिकामं सोडलं तर'. साध्या इंग्रजीत. ज्याला पहिल्यांदाच नोकरी लागलीया त्या पोरीलाबी कळंल असं. लई मन लावून लिहिलं ओ. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, माझं झालं ते झालं, पुढच्या कुणाचं तरी दूध वाचंल.

आन् तुमचं उत्तर आलं. 'नमस्कार शांभवी. हे गृहीत आहे. बंद.' खाली नाव न्हाय, नुसतं 'रन सेटिंग्ज विभाग' — तो विभाग म्हणजे तुम्ही एकटेच, हे आज कळलं. बंद म्हणजे तक्रारच बंद, पुन्हा तिथं काही लिहिताच येईना. — काय? रोज ढीगभर येतात? येत असतील. वाचलं तरी होतं का पुरतं? — बघा. मान खाली घातलासा म्हणून बरं वाटलं, खोटं बोलला न्हाईसा. पण मला सांगा, गृहीत हाय म्हणजे कुणी गृहीत धरलंय? मी तर धरलं नव्हतं. चिमणाबाईनं धरलं नव्हतं. तुम्ही एकट्यानं पुण्यात खुर्चीवर बसून धरलंसा, आन् ते सगळ्यांनी धरलं असं म्हणून मोकळं झालासा. त्या उत्तराची प्रिंट मी मालकांना दाखवायचं म्हणून काढलीवती. दाखवलीच न्हाय. काय दाखवणार? कंपनीच म्हणतीया हे कुणालाबी म्हायती असतंय, हिलाच न्हाय. आता मी पॅकिंगला हाय. डब्यात थर्मोकोल घालतोय आन् चिकटपट्टी लावतोय. मालक म्हणाले, 'काही दिवस तिकडं बघ.' काही दिवस संपेनात. म्हणून तर अप्पांनी गडबड केली ह्या स्थळाची. म्हणाले, तुझ्या नोकरीचं आता काय खरं दिसत न्हाय, पोरगा इंजिनिअर हाय, पुण्याला हाय — जाऊ दे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. सांगून बसलो.

काय करताय फोनवर? — आईचा फोन आला का? — दाखवू नका मला, तुमचं तुमचं बघा — काय? कुठं? … हे तर मी पाठवलेलंच हाय. परत उघडलंसा? — आन् हे खाली काय लिहिताय, वाचून दाखवा की, ऊन हाय, दिसत न्हाय. — 'हे मी वाचायला हवं होतं. मसुदा जसाच्या तसा घेत आहोत.' — जसाच्या तसा? दुधाच्या टाकीसकट? … थांबा जरा. एक मिनिट थांबा. डोळ्यात काय गेलं न्हाय, मला वाईट वाटतंय म्हणून पाणी आलं. वाईट न्हाय, बरं वाटतंय. सहा महिन्यांत माझं कुणी खरं मानलं न्हाय ओ, आन् तुम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसून मानलंसा. चांगला माणूस हायसा तुम्ही. तुमचा फोटो आलावता तवाच मला आवडलावता, आता सांगायला काय जातंय. ही इरकल आक्काची न्हाय, माझी मी घेतलीया, ह्या आजच्या दिवसासाठी. आज हो म्हणायचं ठरवूनच मी सकाळी केस धुतलेत.

म्हणूनच एक विचारतो. तुमच्या बायोडाटात सगळं लिहिलंय — उंची, शिक्षण, मामाचं गाव. 'अपेक्षा' म्हणून एक रकाना हाय, तो रिकामा हाय. अप्पा लई खूश झाले, म्हणाले बघ, काही अपेक्षाच न्हाय माणसांची. आक्काच्या वेळीपण असंच होतं. ती इथं उचगावात शाळेत चित्रकला शिकवायची, पोरं तिच्या मागं मागं फिरायची. निपाणीच्या स्थळानं नोकरी कर म्हटलं न्हाय, करू नको म्हटलं न्हाय. रिकामं. लग्न झाल्यावर पहिल्याच सोमवारी ती डबा भरायला लागली तर सासूबाई म्हणाल्या, 'आमच्यात बायका बाहेर जात न्हाईत, हे काय सांगायचं असतंय व्हय?' — ऐकलंसा? काय सांगायचं असतंय! आता ती वर्षातनं एकदा संक्रांतीला दारात रांगोळी काढती, आन् गल्ली बघायला येती. आन् तीच आक्का आज सकाळी माझ्या केसात गजरा घालता घालता मला म्हणाली, 'आत्ताच काय विचारत बसू नको बाई, मागनं सगळं आपोआप होतंय.' तिच्या बोटांना अजून रंगाची सवय हाय ओ, गजरासुद्धा तोलून बघून लावला तिनं. मला इतका राग आला तिचा, आन् इतकी माया आली.

तर सांगा. मी पुण्याला यायला तयार हाय, काम सोडायला तयार न्हाय. पॅकिंगचं न्हाय, माझं काम — प्रोग्रॅम लिहायचं, आन् कुणालाबी कळंल असं समजावून लिहायचं. सकाळी तुम्ही डबा घेऊन बाहेर पडाल तवा मी पण पडणार. तुमच्या आईला पटलं न पटलं तरी. हे खाली बसल्यावर, सगळ्यांच्या समोर, तुम्ही म्हणणार का? तुमच्या तोंडानं? एवढंच विचारतोय. तुम्ही तो रकाना रिकामा सोडलाय, तर रिकाम्या जागेत तुमच्यात काय धरतात?

काय बघितलंसा तिकडं? — न्हाय, बघितलंसा. मी विचारलं आन् तुम्ही आधी जिन्याकडं बघितलंसा, आई येतीया का म्हणून. आन् आता म्हणताय, 'घरी विचारून सांगतो.' त्यात काय वाईट न्हाय म्हणा, आईबाप हायत, विचारावं माणसानं. पण मी तुमच्या आईला काय वाटतंय ते विचारलं नव्हतं, तुम्ही काय म्हणणार ते विचारलंवतं. — अहो, समजावून कशाला सांगताय, कळलं मला. तुम्ही इथं कट्ट्यावर बसलाय, माझ्यासमोर, पण त्या माझ्या प्रोग्रॅमगत चालताय खालनंच. असू दे. रागवलो न्हाय. न्हाय म्हणजे रागवलोय, पण तुमच्यावर न्हाय — माझ्यावर, केस धुतल्याबद्दल.

पान घेतलंसा त्याचे उपकार हायत, ते मागं घेऊ नका. ते काम हाय, हे वेगळं हाय. — खाली काय सांगायचं? तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो 'न्हाय' म्हणून, नीट, आवाज न चढवता, सगळ्यांच्या समोर, आक्कासमोर तर सांगतोच सांगतो. रिकामं न्हाय सोडत आता मी काहीच. — जावा तुम्ही पुढं. मी ह्या वाळत घातलेल्या कुरडया गोळा करून येतो, कावळे बसाय लागलेत.

आन् ओ — चौकट ठेंगणी हाय. वाकून जावा. सांगितलं मी, आता लागलं तर तुमचं तुम्ही.